घाटात तापणारी जुनी पिकअप: पाणी नक्की जातं कुठं?

आधी लक्षण सांगतो. सपाट रस्त्यावर ताशी ६० च्या वेगानं गाडी अगदी शांत, तापमानाचा काटा मधोमध. इंदूर शहरात चोइथराम मंडीपासून रामबागेपर्यंत दिवसभर फिरवली तरी तक्रार नाही. पण घाटाखालच्या निमाडातून पपई भरून निघालो, गुजरी मागं पडली आणि मानपूरचा चढ लागला की काटा हलायला लागायचा. वर पोचेपर्यंत लाल पट्टीला टेकायचा. बोनेट उघडलं की कूलंटच्या बाटलीतून गुरगुर ऐकू यायची आणि वाफ निघायची. गाडी थंड झाल्यावर बघावं तर दीडेक लिटर पाणी कमी. पाणी भरलं की इंदूरपर्यंत सुखरूप. पुढच्या फेरीला पुन्हा तेच.

गाडी २०१६ ची, अडीच लिटरची चार सिलिंडरची टर्बो डिझेल. मीटरवर १,९२,००० किलोमीटर. फेब्रुवारीत घेतली आणि एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत याच एका दुखण्यासाठी तीनदा पैसे भरले. दर वेळी काहीतरी काढलं नाहीतर बदललं, कधी काही फेऱ्या बरं वाटलं आणि दुखणं परत आलं. चौथ्यांदा मात्र एकही पार्ट न बदलता आधी फक्त मोजमाप केलं, आणि तिथं उत्तर सापडलं. ज्यांची गाडी अशीच घाटात तापते त्यांच्यासाठी सगळं क्रमानं लिहितो.

पहिला उपाय: थर्मोस्टॅट काढून टाकला

धामनोदजवळ रस्त्याकडेच्या मिस्त्रीनं पहिल्याच दिवशी थर्मोस्टॅट काढून हातात दिला. "आपल्याकडं याची गरजच नाही, थंड देशांसाठी असतो," म्हणाला. हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. ते चूक आहे, आणि का चूक आहे ते समजून घ्या.

थर्मोस्टॅट ही एक झडप आहे. पाणी साधारण ८२ अंशांला पोचेपर्यंत ती पाण्याला रेडिएटरकडं जाऊ देत नाही, इंजिनातल्या इंजिनात फिरवते. इंजिन गरम झालं की ती उघडते. पण पुष्कळ इंजिनांत ती उघडताना दुसरं कामही करते: आतल्या आत फिरण्याची जी आडवाट आहे ती बंद करते. झडपच काढून टाकली तर ती आडवाट कायमची उघडी राहते. मग पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरचं तोंडही न बघता गरमच्या गरम इंजिनात परत जातो. सपाटीला गाडी जास्तच थंड चालते, डिझेल जास्त पिते, आणि चढावर, जिथं थंडाव्याची खरी गरज असते, तिथं जास्त तापते. माझ्या गाडीचं नेमकं हेच झालं.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर काढून फेकू नका, तपासा. मी घरी जुन्या पातेल्यात पाणी घेतलं, थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून मधोमध लटकवला, शेजारी थर्मामीटर धरला आणि गॅस बारीक ठेवला. ८२ च्या पुढं फट दिसायला लागली, ९५ च्या आसपास तो पूर्ण उघडला, गॅस बंद केल्यावर हळूहळू मिटला. म्हणजे चांगला होता. पुन्हा बसवला.

दुसरा आणि तिसरा उपाय: रेडिएटर आणि वॉटर बॉडी

रेडिएटर खोलला तेव्हा नळ्यांच्या तोंडाशी क्षारांचा पांढरा पापुद्रा होता. हे आधीच्या मालकाचं बोअरचं पाणी. इंदूरच्या नळाला १९७८ पासून नर्मदेचं पाणी येतं, जलूदहून पंपांनी चढवलेलं. पण ट्रकवाल्यांचे अड्डे, ढाबे, पंक्चरची दुकानं इथं बोअरच चालतो, आणि मालव्याच्या काळ्या खडकातलं ते पाणी क्षारांनी जड असतं. रेडिएटरमध्ये बोअरचं काय, नळाचंही घालू नये. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. कूलंट म्हणजे नुसता रंग नव्हे. ते गंज थांबवतं आणि पाण्याचा उकळबिंदूही वर नेतं.

रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळई घालून सफाई, करून घेतलं. फरक पडला, नाही असं नाही. तीन आठवडे काटा लाल पट्टीच्या खाली राहिला, मग पुन्हा वर. तेव्हा वॉटर बॉडी, म्हणजे पाणी फिरवणारा पंप, बदलली. तिचा बेअरिंगचा खुळखुळ खरा होता, त्यामुळं तो पैसा वाया गेला असं म्हणणार नाही. पण दुखणं तिथं नव्हतं. जुन्या गाडीत हाच घोटाळा होतो. तिथं जे उघडाल ते थोडंफार खराब निघतंच, आणि जे खराब निघालं तेच कारण असं धरून आपण मोकळे होतो.

मग मोजायला बसलो

जुलैत एका ओळखीच्यानं खजराण्याकडच्या एका म्हाताऱ्या उस्तादांकडं पाठवलं. त्यांनी पाना उचललाच नाही. एकच प्रश्न विचारला, "पानी घट रहा है, या बिना घटे गरम हो रही है?" मला उत्तर देता येईना. तापल्यावर घटतं की घटल्यामुळं तापते, हे मी कधी वेगळं करून पाहिलंच नव्हतं.

सगळी गोष्ट या प्रश्नात आहे. पाणी कमी न होता गाडी तापत असेल तर उष्णता बाहेर पडत नाही: वारा कमी पडतो, रेडिएटर चोंदलाय, पंखा ढिला आहे, ब्रेक धरून राहिलाय. पाणी आधी कमी होऊन मग तापत असेल तर ते कुठून तरी जातंय, आणि ती वाट शोधायची. दोन्ही दुखण्यांची औषधं वेगळी.

त्यांनी बाटलीवर मार्करनं रेघ मारायला सांगितली. रोज सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर, सुरू करायच्या आधी पातळी बघायची आणि वहीत लिहायची. दहा दिवस लिहिलं. शहरातल्या दिवशी पातळी जिथल्या तिथं. रिकामी गाडी घाट उतरून गेली तरी जिथल्या तिथं. भरलेल्या गाडीनं घाट चढला की चारशे ते पाचशे मिली कमी, आणि तेही काटा लाल पट्टीपर्यंत न जाता. म्हणजे गाडी उकळायच्या आधीच पाणी जात होतं, आणि फक्त ओझ्याखाली जात होतं.

बाहेर कुठं गळती आहे का, हे पाहायला रेडिएटरच्या तोंडाला प्रेशर टेस्टर लावला. थंड गाडीवर एक बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) हवा भरली आणि अर्धा तास सोडून दिली. सुई हलली नाही. रेडिएटरचं झाकणही त्याच पंपावर तपासलं. झाकणावर ०.९ लिहिलंय तर ते तितका दाब धरतं का, हे बघायलाच हवं. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथं उघडं पाणी ९८ अंशांलाच उकळतं. झाकणानं ०.९ बारचा दाब धरला तर तेच पाणी ११८ च्या आसपास उकळतं. झाकणाची स्प्रिंग मेलेली असेल तर बाकी सगळं नवं असूनही घाटात वाफच होणार. इतका स्वस्त पार्ट, आणि सगळ्यांत शेवटी आठवतो. माझं झाकण ठीक निघालं.

पहाटेचे बुडबुडे

पुढची तपासणी घरी, पहाटे साडेपाचला, गल्ली जागी व्हायच्या आत. गाडी रात्रभर उभी होती. वरचा होज पाइप हातात दाबून पाहिला, मऊ. गाडी सुरू केली आणि पाइपावर हात ठेवून उभा राहिलो. इंजिन अजून गार होतं, पाइपही गारच, पण दोन मिनिटांच्या आत तो बोटाखाली टणक होत गेला, फुगवलेल्या ट्यूबसारखा. गार पाण्याचा दाब वाढत नाही. म्हणजे आत दुसरं काहीतरी शिरत होतं.

मग बाटलीच्या ओव्हरफ्लोला (जादा पाणी बाहेर पडायच्या तोंडाला) पारदर्शक नळी जोडून तिचं टोक पाण्यानं भरलेल्या दुसऱ्या बाटलीत बुडवलं. सुरुवातीचे एक-दोन बुडबुडे सगळ्याच गाड्यांत येतात, ते धरायचे नाहीत. पण हे थांबेनात. ॲक्सिलरेटर दाबला की ओळीनं यायचे, सोडला की विरळ व्हायचे. बाबा गॅलरीतून चहा घेऊन बघत होते. म्हणाले, "अरे, श्वास घेतेय ती." अगदी तसंच दिसत होतं.

त्याच दिवशी उस्तादांनी निळ्या द्रावणाची चाचणी केली. रेडिएटरच्या तोंडावर काचेची नळी, तिच्यात निळं द्रव, आणि रेडिएटरमधली हवा त्यातून ओढायची. त्या हवेत इंजिनाच्या धुराचा वायू असेल तर निळ्याचं हिरवट-पिवळं होतं. तसंच झालं. म्हणजे हेड गॅसकेट फुटलं होतं: इंजिनाचा ब्लॉक आणि त्याच्यावर बसणारं हेड यांच्यामधला सील.

इथं मी अडून बसलो होतो, कारण आधीच्या तिघा मिस्त्र्यांनी डिपस्टिक (ऑइल बघायची पट्टी) बघून सांगितलं होतं: "ऑइल साफ आहे, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, म्हणजे हेड ठीक आहे." हा समज फार पसरलेला आहे आणि तो फार महागात पडतो. गॅसकेट अनेक जागी फुटू शकतं. पाण्याची वाट आणि ऑइलची वाट यांच्यामध्ये फुटलं तर ऑइल दुधाळ होतं. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो. पण सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरत असेल तर यातलं काहीच दिसत नाही. ओझ्याखाली टर्बो डिझेलच्या सिलिंडरमधला दाब शंभर बारच्या वर जातो. तो वायू बारीकशा फटीतून पाण्यात घुसतो, झाकणाचा दाब ओलांडतो आणि पाण्याला बाटलीतून, ओव्हरफ्लोच्या नळीतून रस्त्यावर ढकलून देतो. चालत्या गाडीखाली ते कुणाला दिसत नाही. सपाटीवर दाब कमी, फटीतून वायू थोडाच शिरतो, पाण्याला बाहेर ढकलण्याइतका नाही, म्हणून तिथं सगळं आलबेल.

हेड उघडण्यापूर्वी आणखी एक गोष्ट तपासली, ती तुम्हीही तपासा: ईजीआर कूलर. या वर्षांच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत सायलेन्सरकडचा गरम वायू पाण्यानं थंड करून परत इंजिनात देतात. तो कूलर आतून चिरला तरी पाणी बाहेर न दिसता नाहीसं होतं, आणि वायूही पाण्यात शिरू शकतो. तो काढून एक टोक बंद केलं, हवा भरली, पाण्याच्या टबात बुडवला, पंक्चर काढतात तसा. एकही बुडबुडा नाही. मगच हेडला हात लावला.

हेड उघडल्यावर

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधल्या भागात गॅसकेटची कडी काळी पडली होती आणि तिथून पाण्याच्या भोकापर्यंत धुराची एक बारीक वाट उमटली होती. हेडवर सरळ पट्टी आडवी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवलं तर मधोमध ०.१२ मिमीचं पान आरपार गेलं. हेड वाकलेलं. आणि कडेला जुन्या सिलिकॉनचे अवशेष, म्हणजे हे हेड आधी एकदा उतरलेलं होतं. विकताना हे कुणी बोललं नव्हतं.

काम नीट करायचं तर तीन गोष्टींत काटकसर करू नका. पहिली, हेडचे बोल्ट. आधी ठरलेल्या टॉर्कला (आवळायच्या जोराला) आणि नंतर ठरलेल्या कोनात आवळायचे जे बोल्ट असतात ते आवळताना ताणले जातात. ते पुन्हा वापरले की पकड कमी येते. माझ्या गाडीत जुनेच परत लावलेले होते. दुसरी, गॅसकेटची जाडी. पुष्कळ डिझेल इंजिनांत एकाच इंजिनासाठी वेगवेगळ्या जाडीची गॅसकेट येतात, कडेवरच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखायची, आणि पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून निवडायची. दुकानदार "हेच लागतं" म्हणाला तरी मोजल्याशिवाय घेऊ नका. निदान जुन्याच्या खाचा मोजा. तिसरी, फेस मारून, म्हणजे हेडचा तळ मशीनवर सपाट करून, आल्यावर हेडला प्रेशर लावून चीर तपासा. वाकलेल्या हेडला चीर असण्याची शक्यता असते, आणि चिरलेल्या हेडखाली नवं गॅसकेट घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

पण हेड वाकलं कशानं?

हा प्रश्नही उस्तादांचाच. ते म्हणाले, हेड बसवून देईन, वर्षभरात परत येशील. आधीही कुणीतरी हे हेड बसवलंच होतं की.

उत्तर समोरच होतं. रेडिएटर आणि पंखा यांच्यामध्ये प्लॅस्टिकचं जे गोल कव्हर असतं त्याचा खालचा अर्धा भाग माझ्या गाडीला नव्हताच. पुढं कधीतरी ठोकर लागलेली असणार, समोरच्या आडव्या पट्टीवर रंगाचा पोत वेगळा होता. ते कव्हर म्हणजे शोभा नव्हे. त्याच्यामुळं पंखा हवा रेडिएटरच्या जाळीतून ओढतो. ते नसेल तर पंखा बाजूची, इंजिनाचीच गरम हवा फिरवत राहतो. ताशी ६० ला समोरून येणारा वारा पुरतो म्हणून सपाटीवर कळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये ताशी २० नं घाट चढताना सगळी भिस्त पंख्यावर, आणि पंख्याला जाळीतून हवा मिळतच नाही. गाडी वारंवार तापायची, त्यात हेड वाकलं, गॅसकेट फुटलं, आणि फुटलेल्या गॅसकेटमुळं ती आणखी तापायला लागली. दोन दुखणी एकमेकांत गुंतलेली. मी तीन वेळा दोन्हींपैकी एकालाही हात लावला नव्हता.

कव्हर जुन्या सुट्या भागांच्या बाजारात नऊशे रुपयांना मिळालं. पात्याच्या टोकापासून दोन-अडीच सेंटिमीटर फट ठेवून बसवलं. पंख्याची व्हिस्कस कपलिंगही पाहिली, म्हणजे आतल्या दाट तेलाच्या जोरावर पंखा फिरवणारा जोड. गाडी बंद असताना पंखा हातानं फिरवावा, तो जड लागला पाहिजे. धक्का दिल्यावर चार-पाच वेढे गरागरा फिरला किंवा कपलिंगवर तेलाचे ओघळ दिसले तर आतलं सिलिकॉन तेल गेलं समजा. घाटात पंख्याची मोठी घरघर ऐकू आली तर घाबरू नका, ती ऐकू यायलाच हवी.

पाणी भरताना हवा काढणं विसरू नका. गाडीचं तोंड चढावर करा, झाकण उघडं ठेवा, हीटर असेल तर गरमवर ठेवा, आणि थर्मोस्टॅट उघडून पाणी खाली बसेपर्यंत हळूहळू भरत राहा. आत हवेचा गोळा राहिला तर चांगलं काम झालेली गाडीही पहिल्याच घाटात तापते आणि लोक पुन्हा हेडला दोष देतात.

घाटात काटा चढलाच तर

खालच्या गिअरमध्ये या, इंजिनाचे फेरे वाढू द्या. वॉटर बॉडी आणि पंखा इंजिनाच्याच जोरावर फिरतात. वरच्या गिअरमध्ये रेटत राहिलात तर उष्णता वाढते आणि थंडावा घटतो. बाजूला घेतल्यावर पाणी शिल्लक असेल तर इंजिन लगेच बंद करू नका, काही मिनिटं आयडलवर चालू द्या. पाणी बाहेर फेकलं गेलं असेल तर मात्र लगेच बंद. गरम झाकण उघडू नका, माझ्या क्लीनरच्या मनगटावर त्याचा डाग अजून आहे. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला चीर जाते.

आणि एक फार महत्त्वाचं. लाल पट्टीवर गेलेला काटा अचानक खाली आला तर सुटकेचा श्वास टाकू नका. पाण्याची पातळी सेन्सरच्याही खाली गेली की तो हवेचं तापमान सांगायला लागतो. काटा थंड दाखवतो आणि इंजिन जळत असतं. मी आता डॅशबोर्डखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचायच्या जागेला) छोटा स्कॅनर लावून मोबाइलवर अंशांत आकडा बघतो.

घेताना हे पाहिलं असतं तर

जास्त चाललेली पिकअप घेणं चुकीचं नाही, दोन लाख किलोमीटर चाललेलं डिझेल इंजिन आणखी बरंच चालू शकतं. पण गाडी बघायला जाताना आदल्या दिवशी सांगा: मी येईपर्यंत सुरू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड रेडिएटरचं झाकण उघडून आत बघा: गंजाचं तांबडं पाणी, तेलाची साय, क्षारांचा पांढरा पापुद्रा. हेडच्या बोल्टची डोकी चकचकीत आहेत का, कडेला नवं सिलिकॉन दिसतंय का. पंख्याचं कव्हर पूर्ण आहे का. होज दाबून गाडी सुरू करा आणि दोन मिनिटं हात काढू नका. मागचे पाटे (ओझं पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजा, जादा पाटा घातलेला असेल तर गाडीनं आयुष्यभर क्षमतेपेक्षा जास्त ओझं वाहिलंय. मग चेसिसच्या आडव्या पट्ट्यांवर चिरा शोधा. मीटरच्या आकड्यापेक्षा क्लचच्या पेडलचं रबर जास्त खरं बोलतं. आणि चाचणी रिंग रोडवर नको. वजन घालून सिमरोलच्या पुढं भेरूघाटात न्या. विकणारा नाही म्हणाला तर ते उत्तरही कामाचं आहे.

कागदांचं थोडक्यात: आरसीवर फायनान्सची नोंद असेल तर फायनान्सरची एनओसी आणि फॉर्म ३५ (कर्जाची नोंद काढायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्याच दिवशी घ्या. माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षं झाली की फिटनेस दर वर्षी करावं लागतं, त्याची तारीख आणि उरलेली चलानं सरकारच्या एमपरिवहन ॲपवर बघून घ्या.

हेड बसवून आता अकरा फेऱ्या झाल्या. परवा बाराशे किलो पपई घेऊन गुजरीहून चढलो, आकडा ९६ च्या वर गेला नाही, पंखा घरघरत होता. आज सकाळी थंड गाडीवर पातळी पाहिली, ती मार्करच्या रेघेवरच आहे. वहीत लिहून ठेवलंय.